तीस सेकंदांचा व्हिडिओ आणि तीस दिवसांची नोटीस

ग्रामसभेत दोघेजण एकमेकांच्या अंगावर धावून गेले की त्याचा तीस सेकंदांचा व्हिडिओ दुपारच्या जेवणाआधी गोव्यात पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोचतो. त्याच ग्रामसभेत कोणता ठराव संमत झाला, त्याचा क्रमांक काय, तो पुढे कोणत्या खात्याकडे जाणार, हे त्याच गावातल्या चार घरांत विचारून पाहावे. भांडण कोणाकोणाचे झाले ते सगळे सांगतील. ठरावाचे कोणी सांगेल याची खात्री नाही. गावाच्या पुढच्या दहा वर्षांवर परिणाम मात्र त्या ठरावाचा होणार असतो.

माहितीच्या माऱ्याबद्दल बोलताना आपण बहुधा डोळे, झोप, मान आणि मनःशांती यांबद्दल बोलतो. उपाय म्हणून ‘आठवड्यातून एक दिवस फोन बंद ठेवा’, ‘बातम्या पाहणेच सोडा’ असे सल्ले दिले जातात. गोव्यासारख्या लहान राज्यात हा सल्ला घातक आहे. इथे जमिनीच्या एका तुकड्याचा वापराचा विभाग (झोन) बदलला तर त्याचा परिणाम शेजारच्या विहिरीवर दिसतो. अशा ठिकाणी सामान्य माणसाने बातम्या सोडल्या, तर ज्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत तेवढेच माहितगार उरतील. बातम्या कमी करून भागणार नाही. प्रत्येक बातमीला तिचा वेग परत द्यायला हवा. काही माहिती तासागणिक बदलते, काही दिवसाने, काही आठवड्याने, तर काही तीन महिन्यांनी. फोन ही सगळी माहिती एकाच पट्टीवर, एकाच आवाजात, एकामागून एक ढकलतो, आणि जी सर्वांत मोठ्याने ओरडते तिलाच आपण महत्त्वाची समजतो.

माहितीची टंचाई आणि माहितीचा पूर या दोन्ही अवस्था या भूमीने पाहिल्या आहेत. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यात आला. तरी पोर्तुगीज हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत इथल्या वृत्तपत्रांतला मजकूर सेन्सॉरच्या हाताखालून गेल्याशिवाय छापला जात नसे. नोव्हेंबर १९५५ मध्ये वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी सीमेपलीकडच्या जंगलातून ‘गोव्याच्या मुक्तीचा आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र सुरू केले. डिसेंबर १९६१ मध्ये मुक्ती मिळेपर्यंत ते चालले. ते ऐकणारा माणूस ठरलेल्या वेळी, कान देऊन, धोका पत्करून ऐकत असे. तेव्हा माहिती दुर्मीळ होती आणि लक्ष मुबलक होते. आज नेमके उलट आहे. अर्थशास्त्राचे नोबेल मिळवलेले हर्बर्ट सायमन यांनी १९७१ सालीच हे सांगून ठेवले होते: माहिती जे खाते ते म्हणजे ऐकणाऱ्याचे लक्ष, म्हणून माहितीची सुबत्ता आली की लक्षाचे दारिद्र्य येते.

तासागणिक बदलणाऱ्या माहितीत गोव्यात पहिला मान पावसाचा. जून ते सप्टेंबर या काळात ‘रेड अलर्ट’, ‘उद्या शाळा बंद’, ‘तिळारीचे दरवाजे उघडले’ हे तीन संदेश किती वेळा फिरतात याला गणती नाही. त्यातले काही खरे असतात, आणि पंचाईत तिथेच होते. साळ, इब्रामपूर, हणखणे या गावांसाठी तिळारी धरणातून सुटणारे पाणी हा जीवनमरणाचा विषय आहे. त्यांना तो संदेश दुर्लक्षून चालत नाही. पण गेल्या वर्षीचा संदेश यंदा पुन्हा फिरला की खऱ्या संदेशाचीही किंमत उतरते.

म्हणून इशारा वाचताना तीन गोष्टी पाहाव्यात: तो कधी जारी झाला, कधीपर्यंत लागू आहे आणि कोणत्या जिल्ह्यासाठी आहे. फॉरवर्ड होताना नेमक्या याच तीन गोष्टी गळतात. हवामान खात्याचा तात्कालिक इशारा साधारण तीन तासांपुरता असतो. सकाळी सातचा इशारा दुपारी एकला वाचून घाबरण्यात अर्थ नसतो, आणि तो पाहून निर्धास्त होण्यातही नसतो. रंगांचा अर्थही नीट लक्षात ठेवावा. पिवळा म्हणजे माहिती घेत राहा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग केवळ पावसाच्या आकड्यावर ठरत नाही. परिणाम किती होईल आणि शक्यता किती आहे, याचाही त्यात विचार असतो. आकड्यांचे म्हणाल तर २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलीमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार आणि त्यापुढे अत्यंत मुसळधार. आपल्याकडे पाऊस इंचात सांगायची सवय आहे, म्हणून हिशेब करून ठेवावा: मुसळधार अडीच इंचांपासून सुरू होतो आणि अत्यंत मुसळधार आठ इंचांपासून. हा चोवीस तासांचा हिशेब सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा असतो. एकाच पावसाचे दोन वेगवेगळे आकडे दोन वृत्तपत्रांत दिसले, तर कोणी खोटे बोलते आहे असे लगेच समजू नये. मोजणीची वेळ किंवा मोजणीचे केंद्र वेगळे असू शकते.

पुराच्या व्हिडिओची गोष्ट वेगळी. साळावली धरणाचा गोल सांडवा दर पावसाळ्यात ओसंडतो आणि दर वर्षी तसाच दिसतो. २०२१ च्या जुलैत सत्तरी आणि डिचोलीत आलेल्या पुराची दृश्ये अजूनही ‘आत्ताची’ म्हणून फिरतात. व्हिडिओ तपासायला दोन मिनिटे पुरतात. आधी आवाज ऐकावा. बोलणारे कोणत्या भाषेत, कोणत्या वळणाने बोलत आहेत? गाड्यांच्या नंबरप्लेटवर गोव्याचे जीए आहे की दुसरे काही? मग जिथे पूल, देऊळ किंवा दुकानाची पाटी स्पष्ट दिसते तिथे व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्यावा आणि गुगल लेन्समध्ये टाकावा. तोच फोटो जुन्या तारखेने सापडला तर काम झाले. सापडला नाही, तर व्हिडिओ खरा ठरला असे मात्र नव्हे. ही चूक शिकलेली माणसेही करतात.

व्हॉट्सॲपवरचे बाण पुष्कळांना माहीत असतात, त्यांचा अर्थ थोड्यांना. दोन बाण म्हणजे तो संदेश मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच हातांतून गेला आहे. एप्रिल २०२० पासून असा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. त्याआधी २०१८ मध्ये भारतात फॉरवर्डची मर्यादा पाचवर आणली गेली होती. पण मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला किंवा स्क्रीनशॉट काढून पाठवला की बाण नाहीसे होतात. बाण नाहीत म्हणजे माहिती ताजी आहे असे धरून चालू नये.

दिवसाच्या वेगाची माहिती म्हणजे वृत्तपत्र, आणि इथे आमचा आग्रह थोडा जुन्या वळणाचा वाटेल. घरात एक मराठी दैनिक कागदावर यावे. कागद संपतो, हा त्याचा सर्वांत मोठा गुण. शेवटचे पान आले की वाचन पुरे झाले हे हाताला कळते. फोनच्या पडद्याला तळच नसतो. अर्धा तास द्यावा, तोही पान उलट्या क्रमाने: आधी तालुक्याच्या बातम्या, मग जाहीर नोटिसा, मग अग्रलेख आणि सर्वांत शेवटी पहिले पान. पहिल्या पानावरचे बहुतेक आदल्या संध्याकाळीच कानावर आलेले असते. आतल्या पानावर कोपऱ्यात छापलेली दोन इंचांची नोटीस दुसरीकडे कुठे दिसणार नाही. पर्यावरण परवान्यासाठी होणाऱ्या जनसुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात द्यावी लागते. खाणपट्ट्यांच्या सुनावण्यांना पहिल्यांदा त्याच दिवशी समजले म्हणून धावत जाणारे लोक बहुधा ही नोटीस न वाचलेले असतात.

बातमी वाचताना आधी क्रियापद वाचावे. ‘प्रस्तावित’, ‘तत्त्वतः मंजूर’, ‘मंजूर’, ‘अधिसूचित’, ‘स्थगित’, ‘रद्द’ या सहा शब्दांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. शीर्षकात मात्र ते एकमेकांच्या जागी सर्रास येतात. स्थगिती उठू शकते. रद्द झालेली गोष्ट परत आणायची तर नव्याने सुरुवात करावी लागते. म्हादई नदीच्या बाबतीत हे प्रकर्षाने घडले. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या पाणी वळवण्याच्या प्रकल्प अहवालाला मान्यता दिली, तेव्हा ‘काम सुरू करायला परवानगी’ असा त्याचा अर्थ फिरला. पर्यावरण आणि वन्यजीवविषयक परवानग्या हा त्यापुढचा स्वतंत्र टप्पा आहे, आणि गोव्याचा झगडा त्या टप्प्यावरही चालू आहे.

आकड्यांचीही तीच गत. म्हादईच्या पाणीवाटपाच्या लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिले, हा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्यातले ८.०२ टीएमसी वीजनिर्मितीसाठीचे आहे, जे वापरून पुन्हा नदीत यायचे असते. उरलेल्या ५.४ पैकी १.५ टीएमसी खोऱ्यातच वापरायचे. खोऱ्याबाहेर वळवायचे ते ३.९ टीएमसी: कळसा नाल्यातून १.७२ आणि भांडुरा नाल्यातून २.१८. गोव्याचा विरोध याने लवमात्र कमी होत नाही. उलट वळवल्या जाणाऱ्या पाण्यावर नेमके बोट ठेवता येते. चर्चेत १३.४२ चा आकडा फेकणाऱ्याला समोरचा जाणकार माणूस एका वाक्यात गप्प करू शकतो, आणि मग बाजू खरी असूनही पडते. अर्धवट वाचनाची ही किंमत आहे.

आता आठवड्याचा वेग, आणि हाच सर्वांत दुर्लक्षित. गोवा सरकारचे राजपत्र दर गुरुवारी निघते, शिवाय गरज पडेल तेव्हा विशेष अंक निघतात. सरकारी मुद्रणालयाच्या संकेतस्थळावर ते फुकट वाचता येते. २०२४ साली नगरनियोजन कायद्यात कलम ३९-अ आले. त्याखाली जमिनींच्या विभागबदलाच्या ज्या नोटिसा राजपत्रात येऊ लागल्या, त्यांवर हरकती-सूचना देण्यासाठी ३० दिवसांची मुदत असे. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्याखाली प्राथमिक अधिसूचनेवर हरकत घ्यायला ६० दिवस मिळतात. ही मुदत उलटल्यावर बातमी फुटते, मोर्चा निघतो, घोषणा होतात. त्यातल्या निम्म्या शक्तीत मुदतीच्या आत पन्नास लेखी हरकती गेल्या असत्या, असे हळहळत म्हणावे लागते.

राजपत्र वाचायला शुक्रवारी सकाळी पंधरा मिनिटे पुरतात, पण एक अडचण आधीच माहीत असावी. ते प्रामुख्याने इंग्रजीत असते आणि गावांची नावे पोर्तुगीज वळणाने लिहिलेली असतात. डिचोली तिथे ‘बिचोलिम’ असते, साखळी ‘सांकेलिम’, पेडणे ‘पेर्नेम’, केपे ‘केपेम’, शिवोली ‘सिओलिम’, हळदोणे ‘आल्दोना’. आपण बोलतो ते नाव टाकून शोधले तर काहीच सापडत नाही आणि ‘आपल्या गावाचे काही नाही’ असा समज होतो. गावाच्या नावाची दोन-तीन इंग्रजी स्पेलिंगे एका चिठ्ठीवर लिहून ठेवावीत आणि तीनही टाकून शोध घ्यावा. नोंद सापडली की पाच गोष्टी उतरवून घ्याव्यात: सर्व्हे नंबर आणि त्याचा उपविभाग, चौरस मीटरमधले क्षेत्र, सध्याचा विभाग, प्रस्तावित विभाग आणि नोटिशीची तारीख. सर्व्हे नंबरवरून एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढला की जमीन शेताची, बागायतीची की डोंगरउताराची याचा अंदाज येतो. अंतिम मुदत घरच्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरची तारीख लिहितो तशी, पेनाने लिहावी. फोनमधली आठवण आपण बोटाने पुसून टाकतो.

हे काम प्रत्येकाने करायला हवे असे नाही. एका वाड्यावर चार घरांनी महिन्याचे चार आठवडे वाटून घेतले तरी पुरते. पूर्वी हॉटेलात पातळभाजी-पाव खाताना एकच वृत्तपत्र पानापानांनी वाटून वाचत, तसेच हे.

तीन महिन्यांच्या वेगाची माहिती म्हणजे ग्रामसभा. पंचायत राज कायद्याप्रमाणे नेहमीच्या ग्रामसभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या महिन्यांतल्या रविवारी होतात. वर्षातून चार सकाळी. आधीच्या सभेचे इतिवृत्त वाचले जाते तेव्हाच हजर असावे, कारण गाळलेला ठराव तिथेच लक्षात येतो. प्रत मिळाली नाही तर माहिती अधिकाराखाली १० रुपये भरून अर्ज करावा. ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे.

या चार वेगांसाठी लक्ष शिल्लक राहायचे तर फोनचा गोंगाट आवरावा लागतो. पहिले तीन दिवस काहीही बदलू नये, फक्त मोजावे. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडले की दिवसात किती नोटिफिकेशन आली आणि फोन किती वेळा उघडला हे दिसते. मग ग्रुपचे तीन ढीग करावेत. पावसाळ्यातला शाळेचा ग्रुप, वीज-पाण्याचा ग्रुप आणि घरचे आजारी माणूस सांभाळणाऱ्यांचा ग्रुप यांचा आवाज चालू ठेवावा. माजी विद्यार्थी, देवस्थान, क्लब यांचे ग्रुप ‘ऑलवेज’ म्यूट करावेत. उरलेले सरळ आर्काइव्हमध्ये टाकावेत. ग्रुप सोडण्याची गरज नसते. सोडल्याने नाती दुखावतात आणि चार दिवसांनी कोणीतरी परत जोडते. आर्काइव्ह केलेल्या ग्रुपमध्ये कोणी तुमचा थेट उल्लेख केला तर तेवढे कळते. ‘स्टोरेज अँड डेटा’मध्ये जाऊन फोटो, व्हिडिओ, ऑडिओ यांचे ऑटो-डाऊनलोड बंद करावे. जे उघडावेसे वाटेल तेवढेच बोटाने उतरवावे. या एका कृतीने सुप्रभातांचा ढीग आणि अफवांचे व्हिडिओ दोन्ही दाराबाहेर राहतात. यूट्यूबवर पाहिल्याचा इतिहास बंद करून पुसला की मुखपृष्ठावरच्या शिफारशी जातात आणि हवे ते आपणच शोधावे लागते.

सगळेच एकदम बंद करणारे मात्र बहुधा आठवड्याभरात माघारी येतात. त्याचे कारण २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. दोन आठवडे काही लोकांना नोटिफिकेशन नेहमीसारखी मिळाली, काहींना दिवसातून तीनदा गठ्ठ्याने, तर काहींना मिळालीच नाहीत. तीनदा मिळणाऱ्यांचे लक्ष सुधारले आणि ताण कमी झाला. अजिबात न मिळणाऱ्यांची मात्र बेचैनी वाढली, आपण काही चुकवतो आहोत असे त्यांना वाटत राहिले. म्हणून दिवसाच्या तीन वेळा ठराव्यात: न्याहारीनंतर, दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणाआधी. रात्रीची वेळ झोपेला चिकटवू नये, आणि पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजायच्या आधी फोन हातात घेऊ नये. फोन हातापासून दूर असताना तातडीचे काही असेल तर माणसे फोन करतात. कॉल चालू असले की बाकीची भीती हळूहळू ओसरते.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी चुकीचा संदेश टाकला तर तो ग्रुपमध्ये खोडू नये. सगळ्यांसमोर चूक दाखवली की माणूस संदेशाची बाजू घेऊ लागतो. फोन करून ‘आजोबा, याचा खरा भाग एवढाच आहे’ असे सांगावे आणि दुरुस्ती त्यांनाच टाकू द्यावी.

हा भार वाचकानेच वाहावा असे आमचे म्हणणे नाही. गोव्यातल्या मराठी दैनिकांनी आठवड्यातून एकदा ‘या आठवड्यात संपणाऱ्या मुदती’ असा चौकोन द्यावा: गाव, विषय, शेवटची तारीख, अर्ज कुठे द्यायचा. दुसऱ्या ठिकाणाहून घेतलेल्या प्रत्येक दृश्याखाली चित्रणाची तारीख असावी, आणि ती ठाऊक नसेल तर तसे लिहावे. दुरुस्ती मूळ बातमी आली त्याच पानावर यावी. सरकारकडे एकच मागणी आहे. ज्या नोटिशीवर सामान्य माणसाने मुदतीत हरकत घ्यायची, तिचा एक पानी गोषवारा मराठी आणि कोकणीत त्याच दिवशी पंचायतीच्या फलकावर लावावा. राजभाषा कायदा १९८७ सालचा आहे. लोकांच्या जमिनीबद्दलचा मजकूर लोकांच्या भाषेत देण्यासाठी आणखी वाट पाहायला लावणे हा अन्याय आहे.

तोपर्यंत हरकत लिहिण्याची रीत तरी घरोघर माहीत असावी. अर्जावर नाव, पूर्ण पत्ता, राजपत्राच्या अंकाची तारीख, सर्व्हे नंबर आणि एकच ठोस कारण लिहावे: इथे भाताची खाजन (खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन) आहे, इथे बारमाही झर आहे, इथला उतार पावसात सुटतो. भावना लिहिल्या तर त्या नोंदल्या जात नाहीत, कारण लिहिले तर त्याला उत्तर द्यावे लागते. दोन प्रती न्याव्यात, एक देऊन दुसरीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घ्यावा. मग त्या शिक्क्याचा फोटो वाड्याच्या ग्रुपवर टाकावा आणि खाली शेवटची तारीख लिहावी. शेजाऱ्यांना नमुना म्हणून तो पुरतो, कारण मात्र प्रत्येकाने आपल्या बांधावर उभे राहून स्वतः लिहावे.